नत्थुजींचा थेंब

बारावीला भौतिकशास्त्रात नापास झालेल्या माणसाला त्याच विषयाच्या प्रयोगशाळेची किल्ली मिळावी, असा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असतो. नत्थुजींच्या पत्रिकेत तो होता. ज्या घराच्या मालकानं उंबऱ्यावरून परत पाठवलं त्याच घराची झाडलोट करत, कुलपं उघडत आणि लावत त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि वर त्या घरावर जीव लावला.

घरचा धंदा फुलांचा. थोरला भाऊ नांदगाव पेठच्या बाजूला झेंडू आणि शेवंती पिकवतो. बायको सत्यभामा अंबादेवीच्या रस्त्यावर हार विकते. आणि नत्थुजी रोज सकाळी साडेनऊला अमरावतीतल्या एका जुन्या कॉलेजात सायकल टेकवतात, आधी प्रयोगशाळेच्या दाराला नमस्कार करतात, आणि मग वेळ उरला तर प्राचार्यांना. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. खाकी शर्टाच्या खिशात पेचकस, दोन फ्यूज, तंबाखूची डबी आणि एक मऊ फडकं. फडकं फक्त भिंगांसाठी. एकदा एका प्राध्यापकांनी त्या फडक्यानं चष्मा पुसला, तर नत्थुजी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

कागदावर ते परिचर, पण मुलांच्या लेखी अर्धे सर. शिक्षकांनी फळ्यावर सांगितलेलं डोक्यावरून गेलं की पोरं हळूच मागच्या खोलीत यायची आणि नत्थुजी ते वऱ्हाडीत उलगडून द्यायचे. अणू कसा सापडला, हा त्यांचा खास विषय. त्या गोष्टीतले साहेब लोक ते असे सांगायचे, जणू सगळे राजापेठेत भाड्यानं राहून गेलेत.

कपाटातून हवा काढलेली काचेची नळी निघायची. बटन दाबलं की आत हिरवट उजेडाची रेघ उठायची. नत्थुजी लोहचुंबक जवळ नेत आणि रेघ वाकायची.

"पाह्य, मान वळवली. उजेड कधी लोहचुंबक पाहून मान वळवते का बे? नाई वळवत. म्हंजे हे कणं आहेत. थॉमसननं हेच ताडलं. मंग थो म्हणे, अणू म्हंजे रव्याचा लाडू अन् हे कणं म्हंजे त्यातले बेदाणे."

"मग, नत्थुजी?"

"मंग रुदरफोर्ड आला. थो म्हणे, लाडू आहे का नाई, फोडून पाहू. सोन्याचा वर्ख घेतला, मिठाईवर लावतात त्याहून पातळ, अन् त्यावर बारीक बारीक कणांचा मारा केला. सारे आरपार. पण हजारांत एखादा टप्पदिशी वापस! आता तूच सांग, कापसाच्या गंजीवर तू बंदूक झाडली अन् गोळी फिरून तुह्याच टोपीत आली, त तू काय समजशीन?"

"गंजीत दगड आहे."

"बस! झाला तू पास. अणूची सारी गंजी पोकळ, अन् मधात एवढुसा दगड."

हे ऐकून पोरं पास व्हायची. पण नत्थुजींचा खरा जीव होता तिसऱ्या प्रयोगात. मिलिकनचा तेलाचा थेंब. लाकडी पेटीतलं ते यंत्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन पितळी तबकड्या, आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढ्या. वरच्या तबकडीच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र. वरून तेलाचा फवारा मारायचा, एखादा थेंब छिद्रातून आत उतरतो, बाजूच्या दिव्यात चमकतो, आणि मायक्रोस्कोपातून तो दिसतो. तबकड्यांना विजेचा दाब दिला की पडता थेंब अधांतरी थांबतो. किती वेळात पडला, किती दाबाला थांबला, यावरून त्याच्यावर वीज किती ते निघतं, आणि बरेच थेंब मोजले की एका इलेक्ट्रॉनवरची वीज हाती लागते. तेलाच्या थेंबात इलेक्ट्रॉन पकडायचा! नत्थुजींना वाटे, असली अक्कल देवाच्याही हाताखाली थोड्यांनाच असेल.

थेंब कसा दिसतो, हे तर नत्थुजींनीच सांगावं. पोरं अंधारखोलीत शिरण्याआधी ते दारात उभं राहून सांगत. "काळंभोर आभाळ असते. अन् मधात एक चांदणी निघते. मंग थे हळूहळू वरून खाली येते, पानावरून दंव घसरते ना, तशी. तुमी बटन दाबलं का थांबते. म्हणते, काय जी, कावून थांबवलं?" हे ऐकून एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं पुढं भौतिकशास्त्रातच पदवी घेतली. सत्यभामेनं तर ही चांदणी लग्नानंतर इतक्यांदा ऐकली होती की तिला ती सवतीसारखी वाटायची.

आणि नत्थुजींनी तो थेंब कधीच पाहिला नव्हता.

हे गुपित त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, विभागप्रमुख कमलाकांत सर चहाला गेले असताना, त्यांनी मायक्रोस्कोपाला डोळा लावला होता. आत दिसलं दाट काळं जंगल. ती त्यांची स्वतःची पापणी होती, पण हे सांगणार कोण? नत्थुजींनी मनाशी निकाल लावला की हा थेंब बारावी पास माणसालाच दिसत असावा. पुन्हा डोळा लावला नाही. सरांच्या तोंडून पडलेला 'चांदणी' हा एक शब्द उचलला आणि बाकीचं आभाळ पदरचं घातलं. एकदा सांगून बसल्यावर 'मले दाखवा' असं म्हणायची सोय राहिली नाही. पाहिलेल्या वस्तूचं वर्णन करणारा माणूस ती पाहायला मागत नाही.

पुढं कमलाकांत सर निवृत्त झाले. त्याला एकोणीस वर्षं झाली. नंतर दोन-चार जण आले नि गेले, प्रयोग चालू राहिला, जर्नलं भरत राहिली. आणि यंदा दिवाळीनंतर अकोल्याहून देवश्री मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, चाल झपाझप, घरात वडील आणि आजोबा दोघंही वकील. त्यामुळं पुरावा पाहिल्याशिवाय मॅडम नमस्कारही घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती आठवड्यात पसरली.

मॅडमनी मिलिकनची बेचाळीस जर्नलं तपासायला घेतली. बेचाळीसही मुलांचं उत्तर एक. बरं, उत्तर एक यायलाच हवं, इलेक्ट्रॉन काही माणूस बघून वीज बदलत नाही. पण बेचाळीसही मुलांचा थेंब बरोबर चौदा पूर्णांक दोन सेकंदांत पडला होता.

"वर्षाली," मॅडमनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुझा थेंब आणि या एकेचाळीस जणांचा थेंब एकच होता का?"

वर्षाली बाळापूरची. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात, म्हणून ती त्या वाटेला जात नाही. "मॅडम, थेंब नव्हताच. रीडिंग कॉलेजसमोर झेरॉक्समध्ये मिळतं. शेखरदादाचं. तो एकोणीस वर्षांपूर्वी होता इथं. आता त्याला टक्कल पडलंय, असं झेरॉक्सवाले म्हणतात."

"आणि तुम्ही अंधारखोलीत काय करता?"

"दिसलं, दिसलं, म्हणतो."

मॅडम तडक मागच्या खोलीत आल्या, मागोमाग वर्षालीही. हातात प्राचार्यांनी दिलेली यादी होती: निकामी म्हणून काढून टाकायच्या सामानाची. शनिवारी भंगाराचा टेम्पो येणार होता. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'मिलिकन यंत्र, एक नग'.

नत्थुजींनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पाणी न मारलेल्या हारासारखा उतरला.

"मॅडम, हे निकामी नोहे. यात थेंब दिसते."

"तेच तर विचारायला आलेय. एक थेंब दिसला तरी मी ही ओळ खोडते. नाही दिसला, तर पुढच्या वर्षी मुलं हा प्रयोग कॉम्प्युटरवर करतील. तुम्ही पाहिलाय ना? कसा दिसतो?"

आता हा प्रश्न म्हणजे नत्थुजींना घरचं अंगण. त्यांनी काळंभोर आभाळ पसरलं, चांदणी काढली, पानावरून दंव घसरवलं. "अन् असा वरून खाली येते, मॅडम. सावकाश."

"वरून खाली?"

"नाई त का? थेंब आहे थो. खालून वर कोणाचा थेंब गेला आजवर?"

 वर्षालीला मॅडमनी उगाच ग्रंथालयात पाठवलं, आणि ती गेल्यावर हलक्या आवाजात म्हणाल्या, "नत्थुजी, या मायक्रोस्कोपातून सगळं उलटं दिसतं. पडणारा थेंब वर चढताना दिसतो. मी कॉलेजात पहिल्यांदा पाहिला तेव्हा दचकले होते. ज्यानं एकदा पाहिलाय, तो हे विसरत नाही."

नत्थुजींनी खिशातलं मऊ फडकं काढलं आणि तोंड पुसलं. भिंगांच्या फडक्यानं! यावरून काय ते ओळखावं.

"मॅडम," ते म्हणाले, "एकतीस वर्षं झाले, मी चांदणी सांगून राह्यलो. मले दिसलीच नाई. मले वाटलं, मी नापास आहो म्हणून दिसत नसन. पोट्टे त दिसलं म्हणत होते."

"पोट्ट्यांना वाटलं, तुम्हाला दिसतोय."

 आधी मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला, मग नत्थुजींच्या मिशा. एकोणीस वर्षं सगळं कॉलेज न दिसणाऱ्या थेंबाला एकमेकांच्या भरवशावर मुजरा करत होतं, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. हसू ओसरल्यावर नत्थुजी म्हणाले, "हासणं जाऊ द्या, मॅडम. टेम्पो येण्याआंधी मले थो एकदा पाहाचा आहे. वर जाओ का खाली जाओ."

"उद्या शुक्रवार. सकाळी अकराला या."

"मी साडेनऊलेच असतो," नत्थुजी म्हणाले. स्वाभिमान तेवढा शाबूत होता.

शुक्रवारी काळे पडदे ओढले, दिवा लावला. फवाऱ्याचा मूळ रबरी फुगा केव्हाच विरला होता, त्या जागी नत्थुजींनी कुठल्याशा लग्नातली अत्तराची बाटली बसवली होती. तेल शिलाई मशीनचं, ताजं. नत्थुजी फवारा मारत होते, मॅडम डोळा लावून होत्या. पाच फवारे झाले. दहा झाले. खोलीला शिंप्याच्या दुकानाचा वास सुटला. आत काळोखाशिवाय काही नव्हतं.

"दिवा ठीक आहे, भिंगं लखलखीत आहेत," मॅडम म्हणाल्या. "मग थेंब आत उतरत का नाही? वरची तबकडी काढू."

नत्थुजींनी पेचकस फिरवला, तबकडी काढली, पडदा बाजूला करून खिडकीपाशी धरली. मॅडम वाकून पाहू लागल्या. मग नखानं खरवडलं. नख लाल झालं.

"नत्थुजी, हे काय आहे?"

नत्थुजींनी वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला, आणि मटकन स्टुलावर बसले. "कुंकू आहे, मॅडम. अन् खाली हळद."

झालं होतं ते असं. कमलाकांत सर यंत्राला फुलापलीकडं काही वाहू देत नसत. ते निवृत्त झाले आणि खंडेनवमीला यंत्रांची पूजा पूर्णपणे नत्थुजींच्या हाती आली. काट्याला, नळीला, बॅटरीला त्यांनी हळदकुंकवाचं बोट लावलं. पण मिलिकनच्या यंत्रावर प्रेम अधिक, म्हणून बोटही अधिक दाबून. तबकडीच्या बरोब्बर मधोमध एक छान बारीक खळगी होती; तेच ते छिद्र, हे त्यांच्या कधी ध्यानी आलं नाही. कुंकू तिथं कसं नेटकं बसायचं! वर्षभर तेलाचे फवारे त्यावर पडायचे आणि पुढच्या नवमीला नवं हळदकुंकू. एकोणीस थरांचं असं लुकण तयार झालं होतं की त्यातून थेंबच काय, देवाची इच्छाही उतरली नसती.

"मीच बुजवलं," नत्थुजी म्हणाले. "ज्याले इतका जीव लावला, त्याचंच नाक बंद केलं!"

"म्हणजे यंत्र निकामी नाही," मॅडमचा आवाज चढला होता, पण आनंदानं. "नत्थुजी, यंत्र ठणठणीत आहे! फक्त छिद्र मोकळं करायचं. पण मोठं होता कामा नये. एखादी बारीक, लांब सुई..."

बारीक आणि लांब सुई म्हटल्यावर माळ्याच्या घरात शोधाशोध करावी लागत नाही. नत्थुजींनी सत्यभामेला फोन लावला. ती अर्ध्या तासात ऑटोनं आली, पदराला जुई ओवायची सुई टोचलेली, कपाळावर आठी.

"कोणाले सुई टोचाची आहे? अन् धंद्याच्या टायमाले?"

नत्थुजींनी सगळं सांगितलं. अगदी सगळं. चांदणीसकट. सत्यभामा कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे तुमी पाह्यलीच नाई?"

"नाई."

"लग्नापासून माह्यं डोकसं खाल्लं त्या चांदणीनं! मी म्हणो, एवढी कोण रूपवान आहे बाप्पा. अन् तुमी पाह्यलीच नाई?" ती मॅडमकडं वळली. "बाई, ह्या माणसानं मले पाहाले येतानाई असंच केलं होतं. मान खाली घालून चिवडा खाल्ला अन् घरी जाऊन सांगतलं, पोरगी गोरी आहे." मग हातातली सुई पुढं करत म्हणाली, "द्या इकडं थे ताटली. तुमाले जमणार नाई. जुईचं देठ न फाटता ओवते मी, हे काय आहे!"

आणि खरोखर, सत्यभामेनं ते केलं. स्पिरिटचा बोळा फिरवत, सुई न दाबता, नुसती फिरवत फिरवत. एकोणीस नवम्या लाल-पिवळ्या चुऱ्यानं कागदावर उतरल्या. तबकडी उजेडाशी धरली तर मधून खिडकीचा एक कण चमकला.

पुन्हा पडदे. पुन्हा दिवा. या वेळी मॅडमनी फवारा स्वतःच्या हाती घेतला. "नत्थुजी, तुम्ही बसा. डोळा एकदम चिकटवू नका, नाहीतर पापणी दिसते."

"थेच दिसली होती का मले!" नत्थुजी उद्गारले, आणि एकतीस वर्षांपूर्वीचं ते काळं जंगल त्यांच्या मनातून एका क्षणात साफ झालं.

फुस्स.

आधी काही नाही. मग एकदम आत चाळीस-पन्नास ठिणग्या उठल्या. त्या वर चालल्या होत्या. संथ, वेगवेगळ्या चालीनं, कुणी घाईत, कुणी रमतगमत, सगळ्या वर. चांदणी वगैरे काही नव्हती. गुरं परतताना उडणाऱ्या धुळीवर तिरपं ऊन पडावं, तसं काहीसं होतं. पण तसंही नव्हतं. नत्थुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"दिसते का?" सत्यभामेनं विचारलं.

नत्थुजींनी डोळा हलवला नाही.

"अवो, दिसते का म्हणते मी!"

"गप बस ना वं जराशीक," नत्थुजी इतक्या हळू म्हणाले की जणू मोठ्यानं बोललं तर थेंब बुजतील.

मॅडमनी दाब चालू केला. ठिणग्यांची पांगापांग झाली, काही मागं फिरल्या, काही पळाल्या, आणि एक जागच्या जागी उभी राहिली. बटन नत्थुजींच्या हाताखाली होतं. सोडलं की चालायची, दाबलं की थांबायची. "आयकते," नत्थुजी पुटपुटले. "माह्यं आयकते थे!" घरात त्यांचं कुणी ऐकत नसल्यानं या गोष्टीचं अप्रूप अधिक होतं. मग सत्यभामेचा नंबर लागला. तिनं डोळा लावून "अगं माय!" म्हटलं आणि पाच मिनिटं उठायला तयार होईना. धंद्याच्या वेळेचा तिला साफ विसर पडला. एव्हाना ग्रंथालयातून, जिन्यातून, चहाच्या टपरीवरून वर्षालीनं वर्ग गोळा केला होता. दारात रांग लागली.

"आता मोजू," मॅडम म्हणाल्या. "नत्थुजी थेंब सांभाळतील, वर्षाली घड्याळ धरेल. मी आकडेमोड करते."

नत्थुजींनी तीन थेंब धरले. एकेक थेंब वीस-वीस मिनिटं, डोळ्यातून पाणी गळेपर्यंत. मॅडमनी मोबाइलवर हिशेब करून फळ्यावर आकडे मांडले: पहिल्या थेंबावर वीज साडेतीन, दुसऱ्यावर सव्वापाच, तिसऱ्यावर सात. एककं आणि शून्यं बाजूला लिहिली.

"आता यातून एका इलेक्ट्रॉनचं कसं काढायचं?" मॅडमनी वर्गाला विचारलं. वर्ग फळ्याकडं पाहू लागला. शेखरदादाच्या झेरॉक्समध्ये ही पायरी नव्हती.

नत्थुजी डोळा पुसत फळ्यापुढं आले. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून फुलबाजारात जाताना त्यांना रोज अपूर्णांकांचे पाढे म्हणावे लागत. पाढा चुकला की फुलाच्या टोपलीतला ओला हात पाठीवर बसायचा. तोंड आपोआप सुरू झालं.

"पावणेदोन दुणे साडेतीन. पावणेदोन त्रिक सव्वापाच. पावणेदोन चोक सात." ते थांबले. "मॅडम, हा त पावणेदोनचा पाढा आहे. एका थेंबावर दोन बसले, एकावर तीन, एकावर चार. अर्धा कोनी नाई. म्हंजे एकाची वीज पावणेदोन."

 मॅडम खडू हातात धरून त्यांच्याकडं पाहत होत्या. "नत्थुजी," त्या म्हणाल्या, "मिलिकननं नेमकं हेच केलं. वीज सुटी मिळत नाही, नगावर मिळते, हे असंच ओळखलं. आणि तुम्ही बारावीला कशात नापास झालात म्हणता?"

"पण मॅडम," वर्षाली म्हणाली, "पुस्तकात एक पूर्णांक सहा आहे. आपलं पावणेदोन आलं. चुकलं की."

नत्थुजींचा चेहरा पुन्हा उतरू लागला होता. पण मॅडम हसत होत्या. "चुकलं ना! एकोणीस वर्षांत या खोलीतून निघालेलं हे पहिलं चुकीचं उत्तर आहे, वर्षाली. बाकी सगळी बरोबर होती, कारण ती कुणी काढलीच नव्हती. तेल वेगळं, हवा गरम, घड्याळ तुझ्या हातात. दहात एकानं चुकलो. आता उद्यापासून का चुकलो ते शोधू."

त्यांनी यादी काढली, सातवी ओळ आडवी खोडली आणि समोर लिहिलं, 'चालू स्थितीत'. मग कोरं जर्नल उघडून तिन्ही थेंबांची रीडिंगं उतरवली आणि वही नत्थुजींपुढं सरकवली. वरच्या कोपऱ्यात एक रकाना असतो: प्रयोग करणाऱ्याचं नाव.

नत्थुजींनी आधी हात फडक्याला पुसले. सत्यभामा मागून म्हणाली, "लिहा ना आता, का तेई माह्याच हातानं?" त्यांनी लिहिलं, मोठ्या गोल अक्षरात, बापाच्या नावासकट: नत्थु तुळशीराम मेहरे. मग मुलं करतात तसं उत्तराखाली पट्टी धरून, ते चुकलेलं आहे हे पुरतं ठाऊक असताना, त्यांनी दोन रेघा ओढल्या. दुसरी जरा जास्तच जोर देऊन.